चिलमीच्या वेलीवरची अंडी

ग्लेनिसने मुंग्यांशी युद्ध पुकारलं होतं आणि मुंग्या जिंकत होत्या.

निदान तिचं म्हणणं तरी तसंच होतं. मागच्या कुंपणावर तिने वाढवलेल्या वेलीवर दर उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्याकडे डिसेंबरच्या सुमारास, रिचमंड फुलपाखरू यायचं, पानांच्या मागे अंडी घालून जायचं, अंड्यांतून अळ्या निघायच्या, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर एकही नाही. पहिल्यांदा तिने पक्ष्यांवर संशय घेतला आणि वेलीभोवती जाळी बांधली. मग गांधीलमाश्यांवर घेतला. यंदा मुंग्यांची पाळी होती. वेलीच्या बुंध्याला तिने व्हॅसलिनचा एवढा जाड थर फासला होता, की मर्वला स्वतःच्या भेगाळलेल्या टाचांना लावायला घरात बोटभरसुद्धा उरलं नव्हतं.

मर्व म्हणजे तिचा नवरा. जन्मभर शाळेची बस चालवली त्याने. आणि ग्लेनिसने जन्मभर शाळेसमोरच्या रस्त्यात उभं राहून, अंगात चमकता नारिंगी अंगरखा घालून, हात वर करून गाड्या थांबवल्या आणि पोरांना पलीकडे पोचवलं. आता चाळिशी गाठलेले, पोटं सुटलेले गावातले बाप्ये अजूनही ग्लेनिसचा पंजा वर गेला की जागच्या जागी थबकतात. मर्वची बस तिने अशीच एका सकाळी थांबवली होती. तो जो थांबला, तो आजतागायत. बायकोचं कौतुक असणारे नवरे जगात थोडेफार असतात. मर्वला निवृत्तीनंतर दुसरं कामच उरलं नव्हतं.

तिच्या पंजाला न जुमानणारी बाई गावात एकच, ती म्हणजे समोरच्या घरातली नोरीन. ग्लेनिसचा हात वर असताना नोरीन खुशाल गाडी पुढे दामटायची आणि वर हॉर्न वाजवायची. त्यावरून दोघींची भर रस्त्यात कितीदा जुंपली, त्याला सुमार नाही. बरं, इतकं होऊनही ख्रिसमसचा केक दोघी एकमेकींकडे न चुकता पाठवत, आणि दुसरीचा कसा कोरडा झाला होता ते मार्चपर्यंत सगळ्यांना सांगत.

फुलपाखराचं वेड ग्लेनिसला लहानपणापासूनचं. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यामागच्या याच डोंगरात तिच्या बापाची केळीची बाग होती. ओढ्याकाठी रिचमंड इतकी असायची, की घड कापताना बापाच्या टोपीवर येऊन बसायची. मग रान तुटलं, बागा गेल्या, घरं आली, घरांमागून कॉफीची दुकानं आली, आणि फुलपाखरं दिसेनाशी झाली. ग्लेनिसच्या मनाने एकच गोष्ट धरून ठेवली होती: आपल्या अंगणात, आपल्या वेलीवर, एक तरी रिचमंड कोषातून बाहेर पडताना बघायचं. याहून जास्त तिने कुणाकडे कधी काही मागितलेलं मर्वच्या ऐकिवात नव्हतं.

वेल तिला चर्चच्या जत्रेत मिळाली होती. कुंडीवर कुणीतरी हाताने लिहून चिकटवलं होतं, ‘फुलपाखरांची वेल’. लावली आणि दोन उन्हाळ्यांत तिने कुंपण झाकून टाकलं. हृदयाच्या आकाराची तुकतुकीत पानं, आणि फुलं तर अशी की बघत राहावं: किरमिजी, अंगभर पांढरे शिंतोडे, आणि खालून वळून वर आलेली, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या चिलमीसारखी. आणि फुलपाखरं खरोखरच आली! कित्येक वर्षांत न दिसलेलं रिचमंड टॅलोवुड गल्लीत दिसलं म्हटल्यावर शेजारीपाजारी चहाचे कप हातात घेऊनच धावत आले होते. ग्लेनिसने मग बिया रुजवल्या, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून रोपं केली आणि घरोघर वाटली. रोपाबरोबर भाषणही द्यायची. आज गल्लीत एक कुंपण असं नव्हतं, की ज्यावर ग्लेनिसची वेल नाही.

म्हणून गल्लीने एक बेत केला होता. वर्षअखेरीला सगळी गल्ली एका संध्याकाळी एकत्र जमते. खुर्च्या ज्याच्या त्याने आणायच्या, सॉसेज भाजायचे, बिअर बर्फात ठेवायची. यंदा हे सगळं नोरीनच्या मांडवाखाली ठरलं होतं, कारण वेल सर्वांत जास्त तिच्याकडे फोफावली होती. तिथे शनिवारी ग्लेनिसला एक पाटी द्यायची होती. गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या क्लाइव्हने जाड लाकडात ती स्वतः कोरली होती: ‘ग्लेनिसची फुलपाखरांची गल्ली’. रस्त्याच्या तोंडाशी लावायची, सगळ्यांनी वाचावी अशी. मर्वला हे ठाऊक होतं आणि तोंड बंद ठेवायची जबाबदारी त्याच्यावर होती. आठवडाभर तो तोंडातल्या तोंडात हसत हिंडत होता.

गुरुवारी सकाळी ग्लेनिसने त्याला पावाच्या पिशवीत घातलेली वेलीची एक डहाळी दिली.

“सभागृहामागे ती कार्मेला बसते ना, देशी झाडांची रोपं विकते ती? तिला ही दाखव आणि विचार, या वेलीवरच्या मुंग्यांना काय करायचं. अंडी काळपट पडायला लागलीत, मर्व. यंदा तीन आहेत. यंदा मी एक तरी वाचवणार. रमतगमत जाऊ नकोस.”

कार्मेला गावात नवीनच होती. तिच्या टपरीत चौकोनी कुंड्यांतून सगळी रानातली झाडं. तिने डहाळी पिशवीतून काढली, पान उलटं केलं, चुरगाळून हुंगलं आणि नाक मुरडलं.

“मुंग्यांना काही करू नकोस,” ती म्हणाली. “मुंग्यांचा काय दोष? ही ती वेलच नाही.”

“म्हणजे?”

“ही डचमनची चिलीम. कुणीतरी शोभेसाठी परदेशातून आणली, बागेतून सुटली, आता ओढ्याओढ्याने रान गिळत चाललीय. इकडे ये.”

तिने त्याला टपरीमागे नेलं. तिथे एका जुन्या झाडावर एक वेल चढलेली होती, वर फांद्यांत दाट, खाली साधीसुधी. पानं लांबट, जाड.

“हात लाव. वरून नाही, खालून.”

मर्वने पानाखाली बोट फिरवलं. शिरा टचटचीत वर आलेल्या होत्या, खरखरीत, त्याच्याच हाताच्या पाठीसारख्या.

“आता तुझं.”

ग्लेनिसचं पान खालून गुळगुळीत होतं.

“आणि हे बघ, पानाच्या देठाशी. खोडाला कवटाळून बसलेलं हे चिमुकलं गोल पान दिसतं? ते हिच्याकडेच असतं, खरीकडे नसतं. खरीचं फूल नखाएवढं, पिवळट. कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून कुणी लावतही नाही.”

“अगं पण फुलपाखरू येतं ना,” मर्व म्हणाला. त्याचा आवाज उगाचच चढला. “ते काय खुळं आहे? त्याला कळत नाही का?”

“खुळं नाही, फसतं. दोन्ही वेली एकाच कुळातल्या, वास सारखा. आई वासावर येते, अंडी घालते, बिनघोर निघून जाते. अळी बाहेर पडते, आधी आपलं टरफल खाते, मग पानाचा पहिला घास घेते. त्या पानात तिच्यासाठी विष आहे, मर्व. पहिला घास तोच शेवटचा.”

जाळी, गांधीलमाश्या, व्हॅसलिन, सगळं मर्वच्या डोळ्यांसमोरून गेलं. आणि त्यामागून क्लाइव्हची पाटी आली.

“गल्लीभर लावलीय गं तिने,” तो हळूच म्हणाला.

कार्मेलाने एक मोठा श्वास सोडला. तिने खऱ्या वेलीची एक कुंडी त्याच्या हातात दिली. “अंड्यांना बोट लावू नका. पान अंड्यासकट कापा आणि या वेलीच्या पानाला चिमट्याने अडकवा, म्हणजे अळी निघाली की इकडे चढेल. अंडी काळी पडली की फार वेळ नसतो.”

“पडलीत.”

“मग इथे उभा काय राहिलायस?”

घरी जाताना मर्वने, मागे बसभर पोरं असल्यासारखी, सावकाश गाडी चालवली. त्याच्यापुढे पेच पडला होता आणि पेच सोडवणं हे त्याचं काम नव्हतं. आजवर ते ग्लेनिसने केलं होतं. आज सांगितलं, तर परवाचा तिचा सोहळा मातीत जाणार. सगळी गल्ली तिच्यासाठी उभी राहणार आणि तिला मनातून ठाऊक असणार, की आपण फुलपाखरांना बोलावून बोलावून विष घातलं. नाही सांगितलं, तर अंडी फुटणार आणि अळ्या मरणार. शेवटी त्याला वाटलं, आपण मोठे हुशार आहोत: अंडी पहाटे गुपचूप हलवू, शनिवार होऊ दे, मग रविवारी सांगू. कुंडी त्याने गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली लपवली.

“काय म्हणाली?” ग्लेनिसने दारातच विचारलं.

“दालचिनी,” मर्व म्हणाला. कुठून सुचलं देव जाणे.

ग्लेनिसने घरातली होती नव्हती तेवढी दालचिनी वेलीच्या बुडाशी ओतली. रात्रभर अंगणाला सफरचंदाच्या केकचा वास येत होता आणि मर्वला त्या वासाने झोप लागली नाही.

शुक्रवारी उजाडता उजाडता तो कात्री आणि कुंडी घेऊन कुंपणापाशी गेला. अंडी सापडायला वेळ लागला नाही. ग्लेनिसने त्या पानांच्या देठांना लाल लोकर बांधून ठेवली होती. त्याने पहिलं पान धरलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

“मर्विन.”

पूर्ण नाव. मर्व ताठ झाला.

“माझ्या वेलीला कात्री लावतोयस?”

“छे! मी आपलं... वाळकं पान...”

“हिरवं आहे ते. आणि त्यावर अंडं आहे. आणि कुंडीत काय आहे?” ग्लेनिस रात्रीच्या झग्यातच होती, पायांत त्याचे रबरी बूट. “तुला खोटं बोलता येत नाही रे म्हाताऱ्या. दालचिनी म्हणे! काल तू मला दालचिनी म्हणालास तेव्हाच मला कळलं काहीतरी शिजतंय. मी म्हटलं, ख्रिसमसची भेट असेल. बोल आता.”

मर्वने सांगितलं. जेवढं कार्मेलाने सांगितलं तेवढं सगळं, अडखळत, तिच्याकडे न बघता, पहिल्या घासापर्यंत. 

ग्लेनिसने हात पुढे केला. “पान दे.”

त्याने दोन्ही वेलींचं एकेक पान तोडून दिलं. तिने चष्मा कपाळावर सारला, पानं डोळ्यांपाशी नेली, उलटी केली, अंगठा फिरवला. खरखरीत. गुळगुळीत. मग वेलीपाशी वाकून देठाजवळचं ते चिमुकलं गोल पान शोधलं. एक सापडलं. शेजारच्या देठाशी दुसरं. मग जिकडे बघावं तिकडे तेच.

“इतकी वर्षं रोज बघतेय मी हे पान,” ती म्हणाली. “मला वाटायचं, किती गोड आहे.”

आणि ती आत निघून गेली. मर्व बाहेर कात्री धरून उभा राहिला. न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही. नळ कशासाठी सोडला होता, हे न कळण्याइतका मर्व नवीन नवरा नव्हता. आत जावं की न जावं, त्याला समजेना. शेवटी तो गेला नाही, कारण अंडी सोडून आलास म्हणून ओरडली असती.

बाहेर आली ती डोळे लाल, हातांत रबरी मोजे, आणि झग्यावर शाळेचा तो चमकता नारिंगी अंगरखा.

“हा कशाला?” मर्वने विचारलं.

“काम करताना मी हाच घालते. चिमटे आण. कपडे वाळत घालायचे, लाकडी.”

अंडी दोघांनी मिळून हलवली. पान कापायचं, खऱ्या पानावर टेकवायचं, चिमटा अलगद सोडायचा. दर वेळी ग्लेनिस श्वास रोखून धरायची आणि तिच्याबरोबर मर्वही. मग तिने वेलीकडे तोंड केलं. आधी शेंगा: न फुटलेल्या सगळ्या शोधून पिशवीत भरल्या, कारण त्या फुटल्या की उलट्या छत्रीसारख्या लटकतात आणि कागदासारख्या बिया वाऱ्यावर सोडतात. ती पिशवी लाल झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात. हिरव्या झाकणाच्या डब्यातलं गावाच्या खतात जातं, तिथून परत सगळ्यांच्या बागेत. कोवळी रोपं मुळासकट उपटली. जुनं खोड जमिनीलगत कापलं आणि तत्क्षणी, चीक सुकायच्या आत, मर्वने ब्रशने कापल्या जागी तणनाशक लावलं. उशीर केला की खोड स्वतःला बंद करून घेतं आणि खालून पुन्हा फुटतं. वरचा पसारा ओढायचा नाही, तसाच वाळू द्यायचा. दुपारपर्यंत वेलीची पानं माना टाकायला लागली होती. किरमिजी फुलं मात्र तशीच टवटवीत लटकत होती, जसं काही झालंच नाही.

“उरलेली गल्ली उद्या,” ग्लेनिस कंबर दाबत म्हणाली. “सकाळी नोरीनपासून सुरुवात.”

“उद्या नको!” मर्वच्या तोंडून निघून गेलं.

“का?”

आता गप्प राहण्यात अर्थ नव्हता. त्याने पाटीचंही सांगून टाकलं: क्लाइव्ह, लाकूड, कोरलेली अक्षरं, नोरीनचा मांडव. “एवढं होऊ दे, ग्लेन,” तो म्हणाला. “एक संध्याकाळ. तू कमावलंयस ते. रविवारी सांगू सगळ्यांना.”

ग्लेनिस त्याच्याकडे बघत राहिली. तिचं तोंड एकदा वेडंवाकडं झालं, मग सरळ झालं.

“सगळे एकाच जागी असणार म्हणतोस?”

“हो.”

“बरं झालं. दारोदार हिंडायचं वाचलं.”

शनिवारी संध्याकाळी नोरीनच्या मांडवाखाली टॅलोवुड गल्ली झाडून हजर होती. डोक्यावर चिलमीच्या फुलांचं छत. नारळात घोळवलेले लॅमिंग्टन केक, कोलंबी, कांद्याबरोबर परतायला टाकलेले सॉसेज. क्लाइव्हने घसा साफ केला, टेबलावरचं फडकं ओढलं आणि पाटी उचलून धरली. अक्षरं खरंच सुंदर कोरली होती. दोन्ही बाजूंना त्याने एकेक फुलपाखरू काढलं होतं, जरा पतंगासारखं झालेलं, पण मनापासून. टाळ्या पडल्या. मर्व खुर्चीत आक्रसून बसला होता. एखाद्याचा मान त्याच्या समोरून परत जाताना बघणं सोपं नसतं, आणि तो मान ज्याला त्या माणसापेक्षाही जास्त हवा असतो त्याला तर नाहीच नाही.

ग्लेनिस उठली. अंगात नारिंगी अंगरखा. तिने हात वर केला आणि टाळ्या थांबल्या.

“क्लाइव्ह, असं काम तू आयुष्यात केलं नसशील. ठेव खाली. मला ती घेता येणार नाही,” ती म्हणाली. “ही वेल मी तुम्हाला दिली. ही चुकीची वेल आहे. हिच्यावर फुलपाखरं येतात ती फसून येतात. अळ्या पहिल्या घासाला मरतात. मी मुंग्यांना नावं ठेवत होते. मुंग्या नव्हत्या, मी होते.”

शेगडीवर सॉसेज तडतडत होते. मग नोरीन हसली. चांगली खदखदून, खुर्चीचे हात धरून.

“अगं बाई! आइस्क्रीमच्या डब्याबरोबर केवढं भाषण दिलं होतंस मला! कोवळं ऊन, सकाळचं पाणी! मी तुझ्या भीतीने सुट्टीवर जाताना भाचीला पाणी घालायला बसवलं होतं!”

मर्वचा चेहरा तापला. तो उठणार होता, पण ग्लेनिसने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो बसला.

“हस,” ती नोरीनला म्हणाली. “तुझा हक्कच आहे. हसून झालं की कात्री आण.”

“आत्ता?”

“आत्ता. दिवस आहे अजून.”

“आणि माझ्या मांडवाचं काय? सावली काय तुझ्या भाषणाची पडणार आहे?”

“खरी वेल कार्मेलाकडून आणून मी स्वतः लावीन. तिला मांडव झाकायला कित्येक वर्षं लागतील. तोवर माझी अंगणातली मोठी छत्री तुझ्याकडे राहील.”

“ती निळी? जिच्याखाली तू चहा पितेस ती?”

“तीच.”

नोरीनचं हसू ओसरलं. तिने वर आपल्या फुलांकडे पाहिलं, मग ग्लेनिसकडे, आणि घरात गेली. परत आली ती लांब दांड्याची कात्री घेऊन.

“सॉसेज करपतील,” कुणीतरी मागून म्हणालं.

“सॉसेजना पाय नाहीत,” ग्लेनिस म्हणाली, आणि गल्ली कामाला लागली.

सणाचे कपडे घातलेली माणसं हातांत मोजे चढवून एकमेकांच्या कुंपणांवर चढली. ग्लेनिस प्रत्येक घरी गेली. पान उलटं करून दाखवलं, गोल पान दाखवलं, शेंगा कुठे दडतात ते दाखवलं, कापताक्षणी ब्रश लावून घेतला. आणि प्रत्येक दारात तेच शब्द: “मी दिली होती, चुकले.” मर्व औषधाचा डबा घेऊन मागून चालत होता. पहिल्या दोन दारांत त्याला ते शब्द ऐकवले नाहीत. नंतर त्याच्या लक्षात आलं, की तिचा आवाज एकदाही खाली गेलेला नाही. या बाईने आपल्याला नवरा म्हणून निवडलं कसं, हा प्रश्न त्याला पुष्कळदा पडत असे. त्या संध्याकाळी तो फारच जोरात पडला.

क्लाइव्हच्या कुंपणावर एका पानामागे तिला एक अळी दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी, काळी, मेलेली. शेजारी पान किंचित कुरतडलेलं होतं. ग्लेनिस त्या कुरतडलेल्या कडेकडे बघत राहिली. मग तिने ते पान अंगरख्याच्या खिशात ठेवलं आणि नाक पुसलं.

“पाटीचं काय करू?” क्लाइव्हने चाचरत विचारलं.

“माझं नाव तासून टाक. बाकीची ठेव. फुलपाखरं आली तर लाव.”

अंडी फुटली. एक अळी कुठे गेली कळलंच नाही, दुसरी दोन दिवस जगली. तिसरी मात्र बकाबका खायला लागली. ग्लेनिस कुंडीपाशी खुर्ची टाकून बसायची आणि मर्वला आत हाका मारायची, “अरे ये, चावतेय बघ! ऐकू येतंय!” ऐकू काही येत नव्हतं, पण मर्व दर वेळी “हो, हो” म्हणायचा. अळी बोटाएवढी झाली, अंगावर काटे आले, आणि नाताळ सरता सरता कुंडीतली वेल जवळजवळ संपली.

“हिला इथे पुरणार नाही,” मर्व म्हणाला. हे बोलायला त्याला सकाळपासून धीर झाला नव्हता.

“ठाऊक आहे मला.”

“कार्मेलाकडून आणखी दोन कुंड्या आणतो. आपल्या अंगणात...”

“कुंड्यांनी भागणार नाही रे. हिला मोठी वेल हवी.” ग्लेनिसने टोपी घातली. “माझ्या अंगणात व्हावं हा माझा हट्ट. त्या बिचारीचा नाही.”

तिने कुंडी मांडीवर घेतली आणि गाडीत बसली. टपरीमागच्या जुन्या वेलीवर कार्मेलाने तिला अळी सोडायला लावली. परतताना रस्त्याच्या कडेला चिलमीचं एक कोवळं रोप दिसलं, तेव्हा तिने गाडी थांबवायला लावली, उतरली, मुळासकट उपटलं आणि “चल” म्हणाली.

फेब्रुवारी संपत आला होता. एका सकाळी कार्मेलाचा फोन आला: कोषाचा रंग बदललाय, आज निघणार. ग्लेनिसने चहा अर्धा टाकला. गल्लीत बातमी कशी पसरली कोण जाणे, पण ती दोघं पोचली तोवर क्लाइव्ह आणि आणखी पाच-सहा जण सभागृहामागच्या बोळात घुटमळत उभे होते.

फुलपाखरू आधीच बाहेर पडलेलं होतं. ओलं, चुरगळलेलं, रिकाम्या कोषाला धरून लटकलेलं. ग्लेनिस त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. पंख हळूहळू उलगडत गेले. मादी होती. नराचा तो हिरवा झगमगाट तिच्यात नव्हता. काळपट पिंगट, त्यावर दुधी ठिपक्यांच्या ओळी, कडेला पिवळसर, पण पंख असे रुंद की दोन्ही तळवे पसरून धरावेत. ऊन चढलं तरी कुणी हललं नाही. मर्व तिच्यामागे उभा होता आणि फुलपाखरापेक्षा जास्त तिच्या मानेकडे, पांढऱ्या केसांच्या बटेकडे बघत होता.

मग फुलपाखराने पंख दोनदा मिटले, उघडले आणि हवेत झेप घेतली. पहिली झेप ती, खालून गेली, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून, डगमगत, बोळ ओलांडायला.

त्याच क्षणी बोळाच्या तोंडातून नोरीनची गाडी वळली. उशीर झाला म्हणून ती दामटत आली होती, नेहमीसारखीच.

ग्लेनिस कशी उठली ते मर्वला कळलं नाही. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी बाई बोळाच्या मधोमध उभी होती, पाय रोवून, हात सरळ वर, पंजा उघडा.

नोरीनने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली. हॉर्न वाजला नाही.

फुलपाखरू गाडीच्या नाकासमोरून गेलं, पलीकडच्या झुडपावर क्षणभर टेकलं, पुन्हा उठलं, आणि मग वर, आणखी वर, ओढ्याकडच्या झाडांच्या शेंड्यांवरून निघून गेलं. नोरीन काच खाली करून मान वर करकरून बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मर्वचेही आले होते. ग्लेनिसने अजून हात खाली घेतला नव्हता. ते पुरतं पलीकडे पोचेपर्यंत ती घेणार नव्हती, आणि तोवर कुणी जागचं हलणारही नव्हतं.